शक्यताबाई

नागपूरच्या मे महिन्यात, डांबर वितळून चपलांना चिकटत असताना, कुणी बाईंना म्हणालं की आज ऊन फार आहे, तर बाई रस्त्याकडे बघून म्हणत, “शक्य आहे.” लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्याने ‘नक्की या हं’ म्हटलं, तर “येणं शक्य आहे.” प्राचार्यांनी एकदा भर सभेत विचारलं, यंदा इतिहासाचा निकाल चांगला लागेल ना? बाकीचे सगळे आपापल्या विषयाबद्दल ‘हो सर’ म्हणून मोकळे झाले होते. बाई म्हणाल्या, “शक्यता आहे. मुलांनी पेपर अजून लिहिलेले नाहीत.” मुलांनी त्यांचं नाव शक्यताबाई ठेवलं ते याच्याही आधीच. ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांना ते आवडत असावं असा माझा अंदाज आहे. निदान त्यावरून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

दुरून पाहणाऱ्यांना त्या बोटचेप्या वाटत. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. एखाद्या गोष्टीला त्यांनी ‘शक्य’ म्हटलं, की तिच्या पाठीशी त्या पाय रोवून उभ्या राहत. आणि जी गोष्ट त्यांना स्वतःला पटलेली नसे, ती त्यांच्या तोंडून वदवून घेणं प्राचार्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही जमलं नाही. हे दोन्ही मी जवळून पाहिलं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी भूगोलाचा नवा व्याख्याता म्हणून त्या कॉलेजात लागलो होतो. बाई इतिहास शिकवत. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. अंगाने किरकोळ, आणि साडी कायम मळखाऊ रंगाची. वर्षभराच्या सुती साड्या त्या गांधीबागेतल्या एकाच दुकानातून एकदम घेत. दुकानदार त्यांना पाहिलं की मातकट रंगाचा गठ्ठाच पुढे टाकी. साडीखाली पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट. त्या काळी बायकांनी साडीवर बूट घालणं म्हणजे चार घरी चर्चा. उपप्राचार्यांनी एकदा हसत हसत विचारलं, की बाई, आज खेळांचा तास आहे का? बाई म्हणाल्या, “नाही. पण मी शेतांतून हिंडते, आणि बाभळीचे काटे कॉलेजातली बाई म्हणून सोडत नाहीत, सगळ्यांनाच टोचतात.” कामापुरतं बोलावं तसं बोलल्या आणि वर्गावर गेल्या.

मला त्या नावाने हाक मारत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला “भूगोल” म्हणायला सुरुवात केली. “भूगोल, शनिवारी मोकळे आहात का? तुम्हाला जमीन उचललेली दाखवते.” मला काही समजलं नाही, पण मी गेलो.

शहरात एक सरकारी कचेरी होती. शेतजमिनीच्या अभ्यासासाठी तिथे विमानातून घेतलेली छायाचित्रं ठेवलेली असत. तेव्हा अशी छायाचित्रं बघायलाही परवानगी लागे, बाहेर नेण्याचं तर नावच नको. बाईंनी अर्ज केला होता. तिथल्या साहेबांनी उत्तर दिलं नाही, म्हणून त्या रोज कॉलेज सुटल्यावर कचेरीतल्या बाकावर जाऊन बसू लागल्या. सोबत तपासायच्या उत्तरपत्रिका. बसायच्या, पेपर तपासायच्या, कचेरी बंद झाली की घरी. साहेबांनी अखेर आत बोलावलं आणि विचारलं, की इतिहासाच्या बाईंना विमानाचे फोटो कशाला हवेत? राजे-रजवाडे काय वरून दिसतात? बाई म्हणाल्या, “राजे दिसत नाहीत. त्यांनी लोकांकडून करवून घेतलेली कामं दिसणं शक्य आहे.” साहेब हसले असावेत, कारण दर शनिवारी, कचेरीतच, एका कारकुनासमोर बसून बघण्याची परवानगी मिळाली.

तिथे त्यांनी मला पहिल्यांदा ते यंत्र दिलं: दोन भिंगं आणि खाली चार बारीक पाय. त्याखाली एकाच जागेची, विमान जरा पुढे सरकल्यावर घेतलेली दोन छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवायची. मी वाकून पाहिलं तर दोन करडे कागद दिसले, दुसरं काही नाही. बाई कानाशी म्हणाल्या, “बघायचा प्रयत्न करू नका. डोळे सैल सोडा.” मी सोडले. आणि अचानक कागद फुगला. नाल्याचे काठ खाली गेले, टेकड्या वर आल्या, झाडं सुईसारखी डोळ्यांकडे उभी राहिली. एम.ए.पर्यंत मी भूगोल शिकलो होतो. जमीन म्हणजे काय हे मला त्या बाकावर कळलं.

हल्ली हे काम लेझरने होतं. विमानातून किरण सोडतात, ते पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत जाऊन परततात, आणि संगणकावर सगळं रान बाजूला सारून खालची उघडी जमीन दिसते. हातभर उंचीचा बांधसुद्धा लपत नाही. मध्यंतरी एका तरुण संशोधिकेने मला तशी चित्रं दाखवली तेव्हा मी थक्क झालो. बाईंच्या हाती होती दोन भिंगं, शनिवारची दुपार आणि समोर जांभया देणारा कारकून.

तिथेच एका शनिवारी त्यांना ती रेघ दिसली. हुडकेश्वरच्या पलीकडे, बेसा गावाच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं होती. त्या शेतांच्या मधून एक जाडसर, वळलेली उंच रेघ जात होती. शेतांच्या चौकोनांशी तिचं काही नातं नव्हतं. भाकरीच्या कडेसारखी ती गोल वळत होती आणि निम्म्यावर येऊन झिजून गेली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला एक काळपट पट्टा होता. बाई म्हणाल्या, की तिथे ओल जास्त टिकत असणार, म्हणजे कधीतरी तिथे खोलगट चर असणार. वर बांध, बाहेर चर. माझ्या तोंडून निघून गेलं, “तटबंदी! मातीचा तट.” बाईंनी भिंगावरची नजर न काढता सांगितलं, “शक्य आहे. चला, चालून बघू.”

आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. जमीन मारोतराव नावाच्या शेतकऱ्याची होती. तो हरभऱ्यात उभा होता. बाकीचा हरभरा पिवळा पडत आला होता, पण बांधाच्या बाहेरून एक वळलेला पट्टा तेवढा हिरवागार होता, छायाचित्रातला काळा पट्टा जिथे होता नेमका तिथेच. बाई त्या हिरव्या पट्ट्यातून चालत राहिल्या. मारोतराव बघत राहिला आणि शेवटी मला म्हणाला, “बाई काहून फिरून राहिल्या जी? काही हरपलं का?”

बाईंनी त्याला विचारलं, हा उंचवटा कुणी बांधला?

“हा? हा तं धुरा हाये. मोठा धुरा म्हनतो आमी.”

“पण बांधला कुणी?”

मारोतरावाला प्रश्नच कळला नाही. “धुरा कोनी बांधते का बाई? असते.”

धुरा म्हणजे इकडच्या बोलीत शेताचा बांध. बाईंना ते उत्तर फार आवडलं. परतताना त्या मागच्या सीटवर बसून दोनदा तेच म्हणाल्या: धुरा असते.

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही त्या धुऱ्यावर घालवले. मी कॉलेजातलं जमिनीची पातळी मोजायचं यंत्र नेत असे, आणि मोजायची उंच पट्टी धरायला बाईंचे यजमान. त्यांना सगळे दादा म्हणत. ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. हसतमुख, हळू बोलणारे, आणि कुणाचाही शब्द खाली पडू न देणारे. मोजलेल्या आकड्यांवरून त्यांनी काळ्या शाईने असा सुरेख नकाशा काढला की धुरा कागदावर पाठ वर काढून झोपल्यासारखा दिसायचा.

फक्त वरून, तिरप्या उन्हात तो कसा दिसतो हे बाईंना बघायचं राहिलं होतं. शहराच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडत. बाईंनी तिथल्या एका तरुण शिक्षकाला गळ घातली. कॅमेरा नेता येणार नव्हता, मनाई होती. त्याने तसं बजावलं तेव्हा बाई म्हणाल्या, “डोळे तर जमा करून घेत नाही ना तुम्ही?” जानेवारीतल्या एका सकाळी, पदर कमरेला खोचून, बूट घालून त्या दोन माणसांच्या विमानात बसल्या. मी आणि दादा खाली उभे. विमान उतरलं तेव्हा बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. वर त्यांना दोनदा उलटी झाली होती. जवळ एक जीप उभी होती, तिच्या धुळीने भरलेल्या बॉनेटवर बोटाने त्यांनी भराभर आकृती काढली: बांध, त्याची सावली, बाहेरचा चर, आणि झिजून गेलेल्या निम्म्या भागाचीही एक पुसट रेघ. वर्तुळ पूर्ण होत होतं. दादांनी ते लगेच कागदावर उतरवून घेतलं. मग बाईंनी पाणी मागितलं.

इथपर्यंत सगळं आमच्या हौसेचं होतं. मग कॉलेजातल्या शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेने जागा घेतली, आणि ती नेमकी तीच निघाली. मारोतरावाने निम्मी जमीन संस्थेला विकली होती. धुऱ्याचा निम्मा भाग त्यात गेला, निम्मा त्याच्याकडे राहिला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आमचे उपप्राचार्य. सभासदांत जवळजवळ सगळा स्टाफ, शिवाय बाहेरच्या शाळांतले काही शिक्षक, त्यांत दादासुद्धा; मी मात्र अजून सभासद नव्हतो. दादांनी सगळं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं होतं. आपलं घर कसं असेल याची त्यांनी कितीतरी चित्रं काढली होती: कधी ओसरी पूर्वेला, कधी पश्चिमेला. पाहुणा आला की ती चित्रं बाहेर निघायची.

संस्थेच्या रस्त्यांसाठी भरावाची माती लागणार होती आणि आयता धुरा समोर होता. सभेत ठराव आला. बाई उभ्या राहिल्या. त्या सभासद नव्हत्या, सभासदाची बायको म्हणून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की ही माती बाहेरून आणा, धुऱ्याला हात लावू नका, तो फार जुना असण्याची शक्यता आहे. उपप्राचार्य म्हणाले, की आम्ही जाणकारांना विचारलं आहे, तो जुन्या तलावाचा बांध आहे. बाईंनी दादांचा नकाशा भिंतीवर लावला. म्हणाल्या, “आतली जमीन बाहेरच्यापेक्षा उंच आहे. तलावात पाणी चढून बसत नाही.” सभेत हशा पिकला. मग कुणीतरी विचारलं, बरं, तलाव नाही, तर किल्ला आहे हे नक्की का? लेखी द्याल? बाई म्हणाल्या, “नक्की नाही. शक्य आहे.” ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात होता, दादांचा. तो त्यांनी खांद्याच्या वर नेला नाही, पण खालीही घेतला नाही.

पुरातत्त्वाचं काम बघणाऱ्या कचेरीतून एक अधिकारी येऊन गेले. धुऱ्यावर चढले, उतरले, नारळपाणी प्यायले. संरक्षण द्यायचं तर ठोस पुरावा हवा म्हणाले. पुरावा हवा तर खणावं लागेल, आणि खणायची परवानगी पुराव्याशिवाय मिळत नाही. बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, की हे तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने म्हणून बघाल का?

त्याच सुमारास एक पुढारी बाईंच्या घरी आले. पांढरेशुभ्र कपडे, दारात जीप. मी तिथेच होतो, दादा चहा करत होते. पुढाऱ्यांनी फार आदराने सुरुवात केली. ताई, तुमचं काम कानावर आलं. तो आमच्या राजाचा किल्ला आहे. आम्ही तिथे मोठा मेळावा घेतो, झेंडा लावतो. त्यांनी राजाचं नाव घेतलं. मी इथे घेत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. मग ते म्हणाले, “तुमी फक्त माइकवर येऊन हो म्हना, ताई. मोठ्या बाईनं सांगितलं की लोक ऐकते. दुसऱ्या दिवशी एक टरक तिथं दिसनार नाई. शब्द देतो तुमाले.”

तो शब्द खरा होता. त्या माणसाच्या हातात तेवढं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. धुरा वाचवायचा याहून सोपा रस्ता नव्हता. मी बाईंकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, हो म्हणा.

बाई म्हणाल्या, “त्यांचा असू शकेल. नसूही शकेल. त्यांच्या आधी हजार वर्षांचाही असू शकेल.”

“असू शकेल म्हन्ता, मंग हो म्हनाले काय जाते?”

“आज मी तुमच्यासाठी खोटं ‘नक्की’ म्हटलं,” बाई म्हणाल्या, “तर उद्या माझं खरं ‘नक्की’ कोण ऐकेल? तुम्हीसुद्धा ऐकणार नाही.”

पुढारी चहा न घेता उठले. मी चिडलो होतो. मी म्हटलं, बाई, या हट्टापायी धुरा जाईल. त्या म्हणाल्या, “जाईल. पण तो दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लावून उभा राहिला, तरी गेल्यासारखाच आहे.” मग त्यांनी दादांच्या हातातला कप घेतला आणि पुढाऱ्यांचा चहा स्वतः पिऊन टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत ट्रक आले. आम्ही पोचलो तेव्हा संस्थेच्या हद्दीतल्या धुऱ्याच्या टोकाला कुदळी चालू होत्या. मला वाटलं बाई आता ट्रकपुढे झोपणार. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या मुकादमाकडे गेल्या आणि म्हणाल्या, की माती न्यायची तर न्या, पण वेडीवाकडी खोदू नका. बर्फीची वडी कापतात तसं धुऱ्याला आडवं, सरळ कापत या. मुकादमाला सरळ काय अन् वाकडं काय. त्याने तसं कापलं. धुऱ्याच्या पोटातून पुरुषभर उंचीची सरळ भिंत उघडी पडली. तेव्हा बाईंनी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, त्या कापलेल्या भिंतीला खेटून मांडलं आणि त्यावर बसल्या.

“आता थांबा,” त्या म्हणाल्या. “सुट्टी संपेपर्यंत ही भिंत माझी.”

मुकादम गोंधळला. तो म्हणाला, “बाई, मले साहेबाईनं सांगितलं हाये काम करा म्हनून.” बाई म्हणाल्या, “साहेबांना बोलवा.” साहेब म्हणजे उपप्राचार्य. ते रिक्षातून आले. आधी समजावणीच्या सुरात बोलले, मग कॉलेजच्या बदनामीवर आले, मग म्हणाले, की याचे परिणाम नोकरीवर होतील. बाई स्टुलावरून उठल्या नाहीत. हातातल्या खुरप्याने त्या भिंतीवरची सैल माती हळूहळू खरवडत होत्या. म्हणाल्या, “सुट्टीत मी कुठे बसावं हे सेवानियमांत लिहिलेलं नाही, सर. मी वाचले आहेत. तुम्हाला माती हवीच असेल तर माझ्यासकट भरावी लागेल.” ट्रक रिकामे उभे राहिले. बाईमाणसाला उचलून बाजूला ठेवायला कुणी पुढे होईना. मारोतराव आपल्या हद्दीत उभा राहून हे बघत होता. त्याने नुसतं मोठ्याने सांगितलं, की इकडचा धुरा माझा आहे, इकडे कुणी कुदळ घेऊन आलं तर माझ्याशी गाठ आहे.

ती सुट्टी आम्ही त्या भिंतीसमोर काढली. बाई आणि मी खुरप्याने, मग कुंचल्याने तिचा एकेक थर साफ करत गेलो. दादा समोर बसून जलरंगात ती जशीच्या तशी रंगवत होते. पिवळी माती, काळी माती, परत पिवळी. ठोकून ठोकून बसवलेली. तलावात साचतो तसला गाळ कुठेच नाही. सगळ्यांत खाली, मूळ जमिनीवर, खापराचे तुकडे: वरून काळे, खालून तांबडे. असली खापरं फार जुनी असतात हे बाईंना माहीत होतं, तरी त्यांनी ती नुसती मोजून कागदात बांधून ठेवली.

मग एके दिवशी दादा रंगवता रंगवता थांबले. कुंचला तसाच हवेत. म्हणाले, “अगं, इकडे ये. ही काळी-पिवळी ठिगळं बघ. मी किती दिवस रंगवतोय. सगळी एकाच मापाची आहेत.”

बाई मागे सरकल्या. मीही सरकलो. आणि एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना. ती भिंत ठिगळांची होती. प्रत्येक ठिगळ खाली गोलसर, वर सपाट, आणि माप एकच. बाई परत भिंतीपाशी गेल्या. मग भिंतीवर एका ठिगळाला हाताचा तळवा लावून म्हणाल्या, “टोपल्या. एकेक टोपली माती. कुणीतरी डोक्यावरून आणली, इथे ओतली आणि परत गेलं.”

आणि मग, मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदा, त्या म्हणाल्या, “नक्की.”

कधी बांधला, कुणी, कुणाविरुद्ध, याबद्दल त्या तेव्हाही बोलल्या नाहीत, पुढेही नाही. पण माणसांनी बांधला, गोल बांधला आणि पाणी अडवायला बांधलेला नाही, एवढं त्यांनी लिहून सही करून दिलं. सुट्टी संपली तशा त्या स्टूल घडी करून उठल्या. मुकादमाला म्हणाल्या, “न्या.” तो अर्धा धुरा गेला. आज त्याच्यावरून त्या वसाहतीचे रस्ते जातात. तो वाहून नेत असताना बाई रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभ्या राहायच्या, शेवटचा ट्रक भरेपर्यंत. मी म्हटलं, बाई, कशाला बघता? म्हणाल्या, “ज्यांनी आणून टाकली त्यांच्या वतीने कुणी तरी नेतानाही हजर असावं.”

कॉलेजने त्यांना सोडलं नाही. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे यायचं होतं ते त्यांच्या एका विद्यार्थ्याला मिळालं. सकाळचे सगळ्यांत अडनिडे तास त्यांच्या वाट्याला आले. बाईंनी ते तास असे घेतले की दुसऱ्या वर्गांतली मुलं मागे येऊन बसू लागली. हिवाळ्यात त्या मुलांना मारोतरावाकडच्या उरलेल्या अर्ध्या धुऱ्यावर नेत आणि आडव्या उन्हात सावली कशी वाचायची ते शिकवत. परवानगी मागत नसत. “मुलांना फिरायला नेतेय,” म्हणत. “इतिहास तिथे असणं शक्य आहे.”

पुढे मारोतरावाच्या मुलांच्या वाटण्या व्हायची वेळ आली. धुऱ्यावर पीक येत नाही. ज्याच्या वाट्याला येईल तो तो पाडणार आणि विकणार, हे उघड होतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा दादा बाजारातून आले, पिशवी ठेवली आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले, “मी प्लॉट संस्थेला परत केला. मारोतरावाकडून धुरा घेतला. आपल्या नावावर करतोय.” दादांच्या गावी, उमरेडकडे, त्यांचा शेतीत वाटा होता, म्हणून त्यांना शेतजमीन घेता येत होती. याचा विचार त्यांनी कधीपासून केला होता कोण जाणे.

बाई त्यांच्यावर रागावल्या. खरंच रागावल्या. “आणि घर? घर कुठे बांधणार? त्या धुऱ्यावर?”

“इथे काय वाईट आहे?” दादा म्हणाले. “भाड्याच्या खोलीत काय उजाडत नाही का?”

बाई आत निघून गेल्या. दादा भाजी निवडत बसले. सरकारदरबारी तो तुकडा पोटखराब म्हणून लागला, म्हणजे लागवडीच्या कामाची नसलेली जमीन. बाईंना त्या शब्दाचं फार हसू यायचं.

निवृत्त झाल्यावर त्या अधिकच बिनधास्त झाल्या. शहर हळूहळू त्या बाजूला सरकत होतं. एकदा कळलं, की कुणीतरी धुऱ्यावर ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी ठोकली आहे. तेव्हा बाईंना दम्याने चालणं होत नव्हतं. त्यांनी मला निरोप धाडला, आम्ही तिघे रिक्षाने गेलो. बाई खाली रिक्षात बसल्या, मी आणि दादा चढलो, पाटी उपटली. खाली आलो तर म्हणाल्या, “खड्डा?” मी म्हटलं, लहानसा आहे. “बुजवून या,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांनी केला तर नको, आणि आपल्या हातून राहिला तर चालेल, असं नसतं, भूगोल.” आम्ही परत चढलो, हाताने माती ओढून खड्डा बुजवला, पायाने दाबला. त्यांनी रिक्षातूनच बघितलं आणि मग रिक्षावाल्याला चला म्हणाल्या.

ऐंशीचं दशक संपता संपता बाई गेल्या. शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले होते, की दोन दिवसांत बरं वाटेल. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. बोलायची ताकद नव्हती, पण ओठांवर काय येऊ घातलं होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि डॉक्टर स्वतःच हसले.

त्या गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी आणि दादा धुऱ्यावर वाढलेलं झुडूप काढायला गेलो होतो. दादांचं वय झालं होतं, पण त्यांनी विळा सोडला नव्हता. तिथे एक तरुण बिल्डर मोटारीतून आला. बोलायला गोड. दादांना त्याने काका म्हटलं, बाईंबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मग मोटारीच्या टपावर नकाशा पसरला. चार मजली इमारत. पहिल्या मजल्यावरचं अख्खं घर काकांच्या नावावर, मोठी गॅलरी, वर हयातभर देखभाल आमच्याकडे. म्हणाला, “काका, एवढं तुमचं वय झालं. अजून किती दिवस भाड्यानं राहाल?”

दादांना मी आयुष्यात कुणाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. दादांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तो नकाशा अगदी मन लावून बघितला. खिशातून पेन्सिल काढली. जिन्यात अंधार होईल, म्हणाले, आणि तिथे एक खिडकी काढून दिली. स्वयंपाकघराचं दार फिरवून ठेवलं. बिल्डरला वाटलं, जमलं. तोही वाकून बघू लागला, छान छान म्हणू लागला. मग दादांनी नकाशाची नीट घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि विळा उचलला.

“नकाशा चांगला आहे,” ते म्हणाले. “दुसरीकडे बांधा.”